टोलिडोचा रॅपर, जिदहफ्सची मुलगी आणि मागच्या सीटवर मी

मार्कसचा मेसेज आला तेव्हा मी चाकणला कंपनीच्या कँटीनमध्ये मटकीच्या उसळीत पाव बुडवत होतो. "डिसेंबरात बहरीनला शो आहे. तुझ्या शेजारीच ना ते?" अमेरिकेतल्या माणसाला पुणे आणि बहरीन म्हणजे दोन गल्ल्या वाटतात. मध्ये अख्खा अरबी समुद्र आहे, असं लिहायला घेतलं, तेवढ्यात दुसरा मेसेज आला. "माझी प्रोड्युसर तिथलीच आहे. झोया. तुझीच भाषा बोलते म्हणे."

मी हातातला पाव ताटात ठेवला.

रॅपमध्ये प्रोड्युसर म्हणजे पैसे घालणारा नव्हे. रॅपर ज्या संगीतावर बोलतो ते संगीत, म्हणजे बीट, बनवणारा माणूस. आणि मार्कसचा पहिला प्रोड्युसर मी होतो.

हे नीट सांगतो, नाहीतर एक मेकॅनिकल इंजिनिअर, वय वर्षं एक्केचाळीस, रॅपचा शो बघायला आखातात का गेला, हे कळायचं नाही. एमएससाठी मी ओहायोतल्या टोलिडोला होतो. अमेरिकेच्या मधोमध पसरलेला हा मिडवेस्ट म्हणजे मक्याची शेतं, बंद पडलेले कारखाने आणि फाटकावर तुमची अर्धी संध्याकाळ खाणाऱ्या लांबलचक मालगाड्या. माझ्या बिल्डिंगखाली कपडे धुण्याच्या मशिनींचं दुकान होतं आणि मार्कस तिथे कामाला होता. कपडे वाळेपर्यंत मी लॅपटॉपवर पियानोचे सूर जुळवत बसायचो. एकदा त्यानं माझा हेडफोन मागितला, कानाला लावला आणि तिथंच, ड्रायरच्या धडधडीत, त्यावर बोलायला लागला. आईबद्दल, फाटकाबद्दल, वडील काम करायचे त्या काचेच्या कारखान्याबद्दल. मी आजवर ऐकलेलं ते सगळ्यात खरं बोलणं होतं. दोन हिवाळ्यांत आम्ही अख्खा अल्बम केला. त्यानं स्वतःचं नाव ठेवलं 'स्लो फ्रेट', म्हणजे सावकाश जाणारी मालगाडी. सीडी आम्ही घरीच कॉपी केल्या आणि त्याच्या ओळखीच्या न्हाव्याच्या काउंटरवर ठेवल्या.

मग माझी डिग्री संपली, मंदीत नोकरी मिळेना, व्हिसा संपला आणि मी पुण्याला आलो. चाकणला गिअरबॉक्सच्या क्वालिटीत लागलो. तो तिथेच राहिला.

तेव्हापासून मार्कसचं काय चाललंय याची मला रोजच्या रोज खबर असते. त्याला कोणी मोठ्या कंपनीनं उचललं नाही. एका कंपनीनं बोलावलं होतं, पण गाण्यांची मालकी त्यांना हवी होती, म्हणून हा उठून आला. जुनी व्हॅन घेतली. आयोवा, इंडियाना, विस्कॉन्सिन, जिथे कोणी जात नाही अशा गावांतल्या बारमध्ये, चर्चच्या तळघरात, एकदा तर ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कार्यक्रम केले. टी-शर्ट स्वतः छापले, स्वतः विकले. रात्री श्रोत्यांच्याच घरी सोफ्यावर झोपला. असं वर्षानुवर्षं. आता त्याचं छोटं घर आहे, थोडे पण हट्टी श्रोते आहेत, आणि तो दुसरं काहीही करत नाही.

तो फार प्रसिद्ध झाला असता तर मी चारचौघांत मिरवलं असतं. पार बुडाला असता तर मनातल्या मनात म्हटलं असतं, बघा, मी परत आलो तेच बरं झालं. त्यानं दोन्ही केलं नाही. तो नुसता त्यावर जगला. याचा जितका हेवा वाटतो तितका कोणाच्या बंगल्या-गाडीचा मला कधी वाटला नाही.

"जाऊन ये," बायको म्हणाली. "नाहीतर वर्षभर मला तुझं हे तोंड बघावं लागेल."

*

जाणाऱ्यांसाठी कामाचं आधी. बहरीनचा व्हिसा घरबसल्या ऑनलाइन मिळतो. मुंबईहून थेट विमान आहे, चारेक तासांत पोचवतं. नोव्हेंबर ते मार्च हवा झकास, त्यानंतर जाऊ नका, भाजून निघाल. दिनार आपल्या दोनशेहून जास्त रुपयांचा, त्यामुळे पहिल्या दिवशी प्रत्येक गोष्टीचा गुणाकार होतो आणि दुसऱ्या दिवशी माणूस तो नाद सोडतो. तसा सोडलात तरच सुखानं खाल.

मी गुरुवारी दुपारी उतरलो. विमानतळ मुहर्रकच्या बेटावर आहे, तिथून पुलावरून राजधानी मनामाला यायचं. दोन्ही बाजूंना उथळ, हिरवट पाणी आणि समोर काचेचे मनोरे. हॉटेल बाब अल बहरीन या जुन्या वेशीच्या मागे घेतलं होतं. स्वस्त, स्वच्छ, आणि खाली उतरलं की थेट बाजारात. सोन्याची दुकानं, साड्यांची दुकानं, अत्तरं, मोबाइलची कव्हरं, आणि सगळीकडे हिंदी. एका बेकरीत भिंतीएवढ्या भट्टीत रोटी थापत होते. खुब्ज म्हणतात तिला. कागदात गुंडाळून हातात देतात, चटके बसतात, तशीच खायची. शेजारी करक चहा. आपला चहा वेलची घालून तासभर आटवला तर होईल तसा.

मार्कस हॉटेलच्या लॉबीतच भेटला. दाढी पांढरी झालीय, पोट सुटलंय, गुडघा धरून उठतो. त्यानं मला उचलायचा प्रयत्न केला आणि अर्ध्यावर सोडून दिला.

"जाड झालास!"

"तू पण."

एवढंच बोलणं झालं आणि दोघांच्याही डोळ्यांत पाणी. त्या क्षणी मला त्याचा अजिबात हेवा वाटला नाही, हे इथे मुद्दाम नोंदवतो. कारण पुढच्याच मिनिटाला काचेचं दार ढकलून झोया आत आली.

चोविशीची मुलगी, निळा हिजाब, पायात मळके स्पोर्ट शूज, हातात गाडीची किल्ली. चार वर्षं ती इथून बीट पाठवते आणि तो तिथून त्यावर बोलतो. प्रत्यक्ष भेट कालच विमानतळावर झालेली. पण दोघं असे बोलत होते की एकाचं वाक्य दुसऱ्यानं संपवावं.

"झोया, हा केदार," मार्कस म्हणाला.

"ओ माय गॉड, केदार अंकल!"

मार्कस माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा आहे. त्याला ती नुसतं मार्कस म्हणते.

गाडीकडे गेलो. मी सवयीनं पुढचं दार उघडलं आणि तिथे मार्कस आधीच बसत होता. त्यांना शोच्या गाण्यांचा क्रम ठरवायचा होता. मी मागे बसलो, त्याच्या टी-शर्टांच्या बॅगेला टेकून. मनामाचे उड्डाणपूल, समुद्रात भर घालून केलेले रस्ते, संध्याकाळचे दिवे, असं सगळं छान दिसत होतं म्हणे. मला पुढच्या दोन सीटांच्या मधली फट दिसत होती.

*

शुक्रवारी इथे सुट्टी. सकाळी मार्कस आणि मी मुहर्रकच्या जुन्या गल्ल्यांमध्ये पायी फिरलो. कोरीव दारं, मोत्यांच्या व्यापाऱ्यांची जुनी घरं, उन्हात झोपलेली मांजरं. फिरायला सुरेख भाग, सकाळी लवकर जा. एका चहाच्या दुकानाबाहेर बसलो आणि मी खिशातून फोन काढला.

गेल्या दोन वर्षांत, मुलं झोपल्यावर, मी काही नवे बीट केले होते. ते त्याला ऐकवायचे म्हणून तर मी आलो होतो. बायकोलाही हे सांगितलं नव्हतं.

मार्कसनं डोळे मिटून सगळे ऐकले. मान हलवत होता. शेवटी हेडफोन काढून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"छान आहेत, केदार. आपण तेव्हा करायचो ना, अगदी तसेच."

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, म्हणून जास्त लागलं. मी म्हटलं, "हो ना," आणि आणखी दोन चहा मागवले.

दुपारी झोयाकडे जेवायला बोलावणं होतं. मनामाच्या पश्चिमेला जिदहफ्स नावाचं गाव आहे, आता शहरालाच चिकटलेलं. मासळी बाजार, भाजी बाजार, अरुंद रस्ते, दुमजली घरं. तिचे वडील इब्राहिमभाई दारातच उभे होते. दापोलीकडचे. सित्र्याच्या रिफायनरीत पाइपलाइनच्या देखभालीला आहेत, जन्म इकडेच गेला, तरी पहिलं वाक्य ऐकलं आणि मला कोकणात उतरल्यासारखं वाटलं.

"आलाव काय? या या. चपला ऱ्हाऊ द्या हो. जेवल्याबिगर आज कोणाला सोडायचो नाय."

खैरूनभाभींनी सुरमईचं कालवण, तांदळाची भाकरी आणि मार्कससाठी वेगळा, बिनतिखटाचा मच्छीभात केला होता. मार्कसनं तो बाजूला सारून कालवणच घेतलं आणि घामाघूम होऊन दोनदा वाढून घेतलं. भाभी माझ्याकडे वळल्या. "त्याला विचारा, आई हाय का त्याची?" मी विचारलं. मार्कस म्हणाला, दोन वर्षांपूर्वी गेली. मी मराठीत सांगितलं. भाभींनी त्याच्या ताटात आणखी एक तुकडी ठेवली.

भाभी मराठीत विचारतात, झोया इंग्रजीत उत्तर देते, इब्राहिमभाई दोन्हींच्या मध्ये 'खलास' म्हणून विषय मिटवतात. असं ते घर.

जेवणानंतर झोयानं तिची जागा दाखवली. कपड्यांचं कपाट. खरंच, आतल्या बाजूंना गोधड्या ठोकलेलं भिंतीतलं कपाट, त्यात एक स्टूल, लॅपटॉप आणि माइक. तिचे आवाज सगळे इथलेच आहेत. खुब्ज भट्टीच्या भिंतीवर थापल्याचा आवाज, तो तिचा ढोल. पहाटे वडिलांना न्यायला येणाऱ्या कंपनीच्या बसचं दार सुस्कारा टाकतं, ती तिची झांज. मी म्हटलं, "इंटरेस्टिंग." पुणेरी माणूस इंटरेस्टिंग म्हणतो तेव्हा त्याला काय म्हणायचं असतं ते तुम्हाला माहीत आहे.

ती दोघं कपाटात डोकं घालून बसली तेव्हा इब्राहिमभाईंनी मला गच्चीवर नेलं.

"केदारभाऊ, एक विचारायचा होता. हा मार्कस बोलतो, मार्चमध्ये झोयाला तिकडं पाठवा. गाडी घेऊन गावोगाव फिरणार, दोन महिने. त्याची बायको पण संगती हाय. व्हिसाचं पण जमंल म्हणतात. पोरगी रोज विचारते. बँकेतली नोकरी सोडायला तयार झालीय. मला तिकडचा काय माहीत नाय. तुम्ही ऱ्हायलेले हाव, याला वळखताव. आपल्या भाषेतला माणूस मला दुसरा कोण भेटणार? तुम्ही सांगा. पाठवू?"

खाली मशिदीतून लोक बाहेर पडत होते, कोणीतरी गाडीचा हॉर्न दाबत होतं. मी गच्चीच्या कठड्याला धरून उभा राहिलो.

नाही म्हणायला माझ्याकडे शंभर कारणं होती आणि सगळी खरी होती. मार्चमध्येही बर्फ असतो. रस्ते निसरडे. मॉटेलं कशीही. बारमध्ये कार्यक्रम, हिजाब घातलेली मुलगी, लोक काय बोलतील सांगता येत नाही. काळजीच्या सुरात यातली दोन सांगितली असती तरी पुरलं असतं. त्यांनी विश्वास ठेवला असता, आणि मार्चमध्ये त्या व्हॅनमधली जागा रिकामी राहिली असती. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात येऊन गेलं. अगदी आवडीनं आलं.

"बघू," मी म्हटलं. "विचार करून सांगतो."

"इंशाल्ला," इब्राहिमभाई म्हणाले.

*

शो संध्याकाळी अदलियात होता. हा भाग चित्रांच्या गॅलऱ्या आणि कॅफेंचा. तिथल्याच एका कॅफेच्या मागच्या हॉलमध्ये शंभरेक माणसं मावतात आणि तेवढी आली होती. फिलिपिनो नर्सा, सुट्टीवरचे अमेरिकन खलाशी, इथेच वाढलेली केरळी आणि मराठी पोरं, पांढऱ्या पायघोळ थोबवर उलटी टोपी घातलेले बहरीनी तरुण. मागच्या भिंतीशी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर इब्राहिमभाई आणि भाभी. भाभींनी सुरुवातीपासूनच कानांवर हात ठेवले होते आणि हसत होत्या.

तिसरं गाणं आमचं होतं. टोलिडोचं, ड्रायरच्या दुकानातलं. मार्कसनं पहिली ओळ म्हटली आणि मला ठाऊक होतं, आता माझा पियानो येणार.

आला नाही. थप्, थप् अशी रोटी थापल्याचा आवाज आला. मग बसच्या दाराचा सुस्कारा. बाकी काही नाही. तिनं माझं सगळं काढून टाकलं होतं.

मी रागानं लाल झालो असं लिहायला मला आवडलं असतं. पण झालं भलतंच. मला मार्कसचे शब्द ऐकू यायला लागले. त्या गाण्यात एक ओळ आहे. आई फाटकाशी गाडीत बसून मालगाडीचे डबे मोजते, कारण घरी जायला तिला भीती वाटते. इतकी वर्षं मी ते गाणं ऐकतोय, ते माझ्या लॅपटॉपवर जन्मलं, आणि ही ओळ मी कधी धड ऐकलीच नव्हती. तिच्यावर माझा पियानो पसरलेला होता. पुढच्या रांगेतल्या एका नर्सनं डोळे पुसले. गाणं पहिल्यापेक्षा चांगलं झालं होतं, आणि हॉलमध्ये ते माझ्याइतकं कोणालाच कळत नव्हतं.

गाणं संपल्यावर मार्कस म्हणाला, "हे पहिल्यांदा ज्यानं माझ्याबरोबर बनवलं, तो आज इथे आहे." लोक वळले, टाळ्या पडल्या. रिटायर होणारा माणूस निरोपसमारंभात करतो तसा हात मी वर केला.

नंतर झोया गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आली. घामानं भिजलेली, डोळे चमकत होते. आणि पहिल्यांदाच मराठीत बोलली, अडखळत, वडिलांच्या चालीवर.

"अंकल, राग आला काय? तुमचा पियानो काढला मी."

"आला," मी म्हटलं.

ती थांबून राहिली. तिला पुढचं ऐकायचं होतं.  मी पाण्याची बाटली तिच्या हातात दिली आणि बाहेर आलो.

*

शनिवारी सकाळी आम्ही तिघं बहरीनच्या किल्ल्यावर गेलो. बहरीनला जाल तर हे चुकवू नका. समुद्राकाठी, खजुराच्या बागांमध्ये, मातकट रंगाच्या भिंती. आत फिरायला काही लागत नाही, शेजारच्या संग्रहालयाला थोडेसे दिनार. दुपारी मार्कसला मिठी मारली. तो म्हणाला, "बीट करत राहा." मी म्हटलं, "बघू." त्यानं पुन्हा मला उचलायचा प्रयत्न मात्र केला नाही.

विमानतळावर सोडायला इब्राहिमभाई आले. म्हणाले, टॅक्सी बिक्सी मफी, नाय म्हंजे नाय, मी सोडणार. पुलावर येईपर्यंत ते मासळीच्या भावाबद्दल बोलत राहिले. मग त्यांनी रेडिओचा आवाज बारीक केला. मला कळलं.

"इब्राहिमभाई, तुम्ही विचारलं होतंत."

"हां."

"थंडी भयंकर असते. रस्ते लांब असतात. कधी हॉलमध्ये दहाच माणसं असतात. कोणी काही वाकडं बोलू शकतं, तेही खरं. मार्कस माणूस चांगला आहे. मी त्याच्याबरोबर दोन वर्षं काढलीत, जपेल तिला."

"म्हंजे पाठवू?"

"थांबा. आणखी एक. तुम्ही मला आपला माणूस समजून विचारलंत, म्हणून सांगतो. मी तिच्यावर जळतो. आल्यापासून जळतोय. ती बसलीय ती जागा माझी होती. काल गच्चीवर मी तुम्हाला 'पाठवू नका' सांगणार होतो, आणि ते तिच्या भल्यासाठी सांगणार नव्हतो."

इब्राहिमभाईंनी वळून बघितलं नाही. गाडीचा वेग तेवढाच. मला वाटलं, संपलं, आता हा माणूस माझ्याशी बोलणार नाही.

"जळताव?" ते म्हणाले.

"हो."

"मुंबईसून विमानानं आलाव. अमेरिकेत शिकलेले हाव. ह्या कामातला तुम्हांला कळता." ते हळूहळू हसायला लागले. "तुम्ही जळताव म्हंजे पोरगी खरंच चांगली करते तर! मला आजवर कोणी सांगितलाच नाय. मी बापडा त्या थप् थप् मधून काय समजणार?"

मला हसू आवरेना. "फार चांगली करते," मी म्हटलं. "माझ्यापेक्षा पुष्कळ चांगली. पाठवा तिला."

निरोप घेताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, आणि खजुराचा एवढा मोठा डबा दिला की काउंटरवरच्या बाईनं भुवया उंचावल्या.

*

लोक विचारतात, बहरीन कसं आहे. सांगतो: छोटं आहे, तीन दिवसांत होतं, खाणं उत्तम, माणसं मोकळी, टॅक्सीपेक्षा ओळखीचा माणूस बरा. हेवा घेऊन गेलो होतो, तो कमी झाला का, हे कोणी विचारत नाही. नाही झाला. जाताना तो धूसर होता, एका माणसाच्या नशिबाबद्दल होता. येताना त्याला नाव, चेहरा आणि निळा हिजाब मिळाला. मात्र आता मला नेमकं कळतं की मी कशावर जळतो. नशिबावर नाही. तिच्या कानावर. काय काढून टाकायचं हे तिला कळतं, आणि मला ते कळलं नव्हतं.

मार्चमध्ये एक दिवस कंपनीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसलो होतो, तेव्हा इब्राहिमभाईंचा व्हॉइस मेसेज आला. "केदारभाऊ, पोरगी आयोवाला पोचली. चारी बाजूंना बर्फ हाय म्हणते. बोलते, अब्बा, इथे माणसांपेक्षा गायी जास्त, पण सगळी माणसं आलेली. खूश हाय." मागे भाभींचा आवाज होता, विचारा, विचारा, आणखी काय न्यायला पाहिजे होता.

मी तो दोनदा ऐकला. तोच जुना हेवा वर आला, चांगलाच आला. शिफ्टचा भोंगा वाजला, लोक आत जायला लागले. मी तसाच बसून उत्तर टाइप केलं.

'बुटात लोकरीचे मोजे घालायला सांगा. एकावर एक दोन. आणि रात्री ओले बूट हीटरवर ठेवू नकोस म्हणावं, चिरतात.'